कमी वापरातल्या इंग्रजी शब्दांसाठी अँकी : एक परीक्षण

इंग्रजी शब्दसंपदा वाढवून देणारी साधने आज भरपूर आहेत, परंतु त्यांतली बहुतेक साधने भाषेच्या पहिल्या चार-पाच हजार शब्दांतच घुटमळतात. ज्याला इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते, कार्यालयातला पत्रव्यवहार जमतो, चित्रपट बहुतांशी समजतो, अशा मराठी वाचकाची अडचण त्या शब्दांच्या पलीकडे सुरू होते. अग्रलेखात 'परफंक्टरी' येतो, न्यायालयाच्या निकालात 'स्पीशस' येतो, एखाद्या चरित्रात नायकाचा बाप 'टॅसिटर्न' असल्याचे कळते. वाचक कोश उघडतो, अर्थ पाहतो, पुढे जातो, आणि चार महिन्यांनी तोच शब्द पुन्हा समोर आला की पूर्वी कोशात पाहिल्याचे तेवढे आठवते, अर्थ मात्र आठवत नाही. हे परीक्षण अशा वाचकासाठी आहे. अँकी हे संगणकावर आणि फोनवर चालणारे उजळणीचे सॉफ्टवेअर त्याच्या कितपत कामाचे आहे, एवढाच प्रश्न मी येथे विचारात घेतला आहे. वैद्यकीय विद्यार्थी शरीररचनाशास्त्रासाठी किंवा जपानी शिकणारे चित्रलिपीसाठी ते कसे वापरतात, तो विषय वेगळा.

'भरपूर वाचा, शब्द आपोआप येतील' हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक शिक्षक देतो आणि तो खोटा नाही. मात्र तो नेहमीच्या शब्दांपुरताच खरा आहे. १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुरातून सुमारे दहा लाख शब्दांचा ब्राउन कॉर्पस हा नमुनासंग्रह तयार करण्यात आला. त्यात एकट्या 'द' या शब्दाने जवळपास सात टक्के जागा व्यापली आहे, तर त्यातल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी सुमारे निम्मे शब्द अख्ख्या संग्रहात एकेकदाच आलेले आहेत. दहा लाख शब्द म्हणजे दहा-बारा जाडजूड कादंबऱ्यांचा ऐवज. एवढे वाचून जो शब्द एकदाच भेटतो, त्याची दुसरी भेट होईपर्यंत पहिली पुसली गेलेली असते. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये असा हिशेब मांडला होता की, इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनाअडथळा वाचण्यासाठी, म्हणजे त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असण्यासाठी, आठ ते नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) माहीत असावी लागतात. यातली पहिली काही हजार वाचनातून, ऐकण्यातून पक्की होतात, कारण ती सतत भेटत राहतात. शेवटची काही हजार मात्र विसरण्याच्या वेगापेक्षा हळू भेटतात. ती भेट कृत्रिमपणे, नेमक्या वेळी घडवून आणायची, हे अँकीचे काम आहे. म्हणूनच हे साधन नेहमीच्या शब्दांपेक्षा दुर्मीळ शब्दांसाठी अधिक उपयुक्त ठरते, असे माझे मत आहे.

यामागची कल्पना जुनी आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात याची मोजमापे १८८५ मध्ये प्रसिद्ध केली. १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर याने एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहिलेले कागदी पत्ते (फ्लॅशकार्ड) कप्पे पाडलेल्या खोक्यात ठेवण्याची रीत लोकप्रिय केली: आठवलेला पत्ता पुढच्या कप्प्यात, विसरलेला पुन्हा पहिल्या कप्प्यात. प्योत्र वोझ्नियाक या पोलंडमधल्या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये हेच काम संगणकावर आणले आणि दोन उजळण्यांमधले अंतर काढण्याचे सूत्र लिहिले. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये अँकी आणले, ते त्याच सूत्रात फेरफार करून. जपानीत या नावाचा अर्थ पाठांतर असा होतो. आपल्याकडे पाठांतराला नावे ठेवण्याची रीत झाली असली तरी ज्यांनी लहानपणी पावकी-निमकी म्हटली आहे, त्यांना ठरावीक अंतराने केलेल्या उजळणीची ताकद वेगळी सांगायला नको.

वापर असा होतो. पडद्यावर पत्त्याची पुढची बाजू दिसते, आपण अर्थ मनाशी आठवतो, मागची बाजू उघडतो आणि चारपैकी एक बटण दाबतो: पुन्हा, कठीण, ठीक किंवा सोपे. 'ठीक' दाबत गेल्यास जुन्या सूत्रानुसार तोच पत्ता ढोबळमानाने एका दिवसाने, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी, दीड-पावणेदोन महिन्यांनी आणि नंतर चार महिन्यांनी समोर येतो. विसरलो तर अंतर पुन्हा आखूड होते. २०२३च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून जॅरेट ये यांनी विकसित केलेले एफएसआरएस हे नवे सूत्रही निवडता येते. ते आपल्या उजळण्यांच्या नोंदी तपासून आपण कोणत्या गतीने विसरतो याचा अंदाज बांधते आणि त्यानुसार अंतर ठरवते. त्यात एक आकडा आपल्याला द्यावा लागतो: शब्द समोर आल्यावर तो आठवण्याची शक्यता किती असावी. मूळ मांडणीत हा आकडा ९० टक्के असतो आणि तो तसाच राहू द्यावा. हौसेने तो ९७ टक्क्यांवर नेल्यास रोजच्या उजळण्या कितीतरी वाढतात, आणि 'परफंक्टरी' हा शब्द शंभरात दहा वेळा आठवला नाही म्हणून कुणाचे फारसे बिघडत नाही.

बटणांबाबत नव्या वापरकर्त्यांनी एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. अर्थ आठवला नसेल तर 'पुन्हा' दाबायचे, 'कठीण' नाही. 'कठीण' याचा अर्थ आठवायला कष्ट पडले, पण आठवले, असा आहे. शब्द विसरूनही मनाची समजूत घालण्यासाठी 'कठीण' दाबणाऱ्याला सूत्र चुकीची माहिती घेऊन चुकीची अंतरे देत राहते, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

किमतीच्या बाजूने अँकी अतिशय सरस आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी ते मोफत आहे, त्याचा मूळ प्रोग्राम खुला आहे. अँड्रॉइड फोनसाठी स्वयंसेवकांनी वेगळे उभारलेले अँकीड्रॉइडही मोफत मिळते. आयफोनवरील अधिकृत ॲप मात्र विकत घ्यावे लागते. अमेरिकेत त्याची किंमत २४.९९ डॉलर असून ती एकदाच भरायची आहे आणि त्यातून प्रकल्पाचा खर्च भागतो. ज्यांना ती परवडत नाही त्यांना अँकीवेब या संकेतस्थळावर ब्राउझरमधून उजळणी करता येते. त्याच संकेतस्थळामार्फत संगणक आणि फोनवरचे पत्ते एकमेकांशी जुळते ठेवता येतात, त्यासाठी पैसे पडत नाहीत. सगळे पत्ते आपल्या उपकरणातच साठवलेले असल्यामुळे इंटरनेट नसतानाही उजळणी चालते, त्यामुळे लोकल किंवा एसटीतला वेळ सत्कारणी लागतो. ॲपच्या दुकानात मिळत्याजुळत्या नावांची, दरमहा पैसे आकारणारी इतर ॲपही दिसतात. त्यांचा या प्रकल्पाशी संबंध नाही, तेव्हा उतरवून घेण्याआधी नाव नीट पाहावे.

हे झाले साधन. यात शब्द एकही नाही, आणि पहिल्यांदा ते उघडणारा माणूस नेमका इथे गोंधळतो. रिकाम्या पडद्यावरून तो अँकीवेबवरच्या तयार संचांकडे वळतो. तिथे इतरांनी बनवलेले इंग्रजी शब्दांचे असंख्य संच मोफत मिळतात, त्यांत परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई परीक्षेचे विशेष आहेत. माझा स्पष्ट सल्ला असा की, दुर्मीळ शब्दांसाठी हे संच वापरू नयेत. त्यातल्या बहुतेक संचांत पुढे सुटा शब्द आणि मागे कोशातून उचललेली एका ओळीची व्याख्या एवढेच असते. कुणीतरी कधीतरी जुन्या परीक्षेच्या यादीवरून ते केलेले असतात. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईचे स्वरूप बदलले आणि विरुद्धार्थी शब्द व शब्दसंबंध ओळखण्याचे प्रश्न काढून टाकून वाक्यातली रिकामी जागा भरण्यावर भर देण्यात आला. तरीही सुट्या शब्दांच्या त्याच जुन्या याद्या हातोहात फिरत राहिल्या. शिवाय ज्या शब्दाशी आपली वाचनात कधी गाठच पडली नाही, त्याला मनात टांगायला खुंटी नसते. तो पाठ होतो, पण अडीच ओळींच्या संदर्भात भेटला की ओळखू येत नाही.

म्हणून पत्ते स्वतः करावेत आणि ते आपल्या वाचनातून करावेत. यात वेळ जातो हे खरे, पण तो वेळ हेच निम्मे शिक्षण आहे. किंडलवर वाचणाऱ्यांचे काम थोडे सोपे होते, कारण वाचताना कोशात पाहिलेले शब्द त्या उपकरणात मूळ वाक्यासह जमा होतात. कागदावर वाचणाऱ्याने शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढावी आणि आठवड्यातून एकदा बसून पत्ते लिहावेत. रेघ ओढलेला प्रत्येक शब्द पत्त्यावर घ्यायचा नसतो. जो शब्द दुसऱ्यांदा भेटला, किंवा ज्याच्यावाचून वाक्याचा रोख कळला नाही, तोच घ्यावा. जहाजाच्या शिडांची, घोड्याच्या खोगिराच्या भागांची नावे वाचकाला छळतात, पण ती सोडून दिली तरी चालते.

पत्त्याच्या पुढच्या बाजूस शब्द एकटा न ठेवता वाक्यासह, रोमन लिपीत ठेवावा. उदाहरणार्थ, 'द क्लार्क गेव्ह द फाइल अ परफंक्टरी ग्लान्स' असे वाक्य आणि त्यात तो शब्द ठळक. मागे काय लिहायचे, यावर इंग्रजी शिक्षणाच्या जगात बरेच मतभेद आहेत. पुष्कळ मार्गदर्शक बजावतात की अर्थ इंग्रजीतच लिहावा, मातृभाषा आणू नये. मला हे सरसकट पटत नाही. माणसाचा स्वभाव, वागणे, खोड सांगणाऱ्या इंग्रजी विशेषणांसाठी मराठीजवळ इतकी नेमकी सामग्री आहे की ती न वापरणे हा करंटेपणा ठरेल. 'परफंक्टरी'च्या मागे 'पाट्या टाकल्यासारखे' असे लिहिले की पुन्हा व्याख्या वाचावी लागत नाही. 'ऑफिशस' म्हणजे नको तिथे लुडबुड करणारा, 'ऑब्सीक्विअस' म्हणजे लाळघोटेपणा करणारा, 'क्वेरुलस' म्हणजे सतत कुरकुरणारा, 'डिफिडंट' म्हणजे स्वतःवर भरवसा नसलेला, बुजरा. या शब्दांच्या इंग्रजी व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे मराठी शब्द चटकन चिकटतात, कारण त्यांच्यामागे ओळखीच्या माणसांचे चेहरे असतात. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश या कामी अजूनही वाचनीय आहे, कारण त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर बोलभाषेतले अनेक पर्याय दिलेले असतात. त्यातले काही आज वापरातून गेले आहेत, ते गाळावेत. तत्त्वज्ञान, कायदा किंवा विज्ञानातल्या अमूर्त शब्दांना मात्र मराठी प्रतिशब्द चिकटवू नये. तिथे आपला पारिभाषिक शब्द बहुधा मूळ इंग्रजीइतकाच अनोळखी असतो आणि एक कोडे दुसऱ्या कोड्याने सोडवल्यासारखे होते. अशा ठिकाणी सोप्या इंग्रजीतले स्पष्टीकरण बरे.

मराठी अर्थ लिहिण्याचा धोकाही सांगितला पाहिजे, कारण अँकी वापरणाऱ्याला तो सर्वांत जास्त छळतो. 'टॅसिटर्न', 'लॅकॉनिक' आणि 'रेटिसंट' या तिन्ही शब्दांच्या मागे 'कमी बोलणारा' असे लिहिले तर तीन पत्ते होतात, पण ज्ञान एकाचेच होते. दोन-तीन महिन्यांनी ते आपसात मिसळतात आणि मग तिन्ही चुकू लागतात. वोझ्नियाक यांनी पत्ते कसे लिहावेत याचे जे नियम सांगितले आहेत, त्यांत एका पत्त्यावर कमीत कमी माहिती ठेवावी आणि एकमेकांत गुंतणाऱ्या पत्त्यांवर विशेष लक्ष ठेवावे, या दोन गोष्टी येतात, त्या इथे तंतोतंत लागू होतात. फरक मागच्या बाजूवर उतरला पाहिजे. 'टॅसिटर्न' हा स्वभाव आहे: अबोल, थोडासा घुमा. 'लॅकॉनिक' माणूस बोलतो, पण दोन शब्दांत तोडून टाकतो. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या प्रदेशाचे नाव लॅकोनिया होते आणि तिथले लोक तुटक बोलण्यासाठी प्रसिद्ध होते, तिथून तो शब्द आला. 'रेटिसंट' माणूस एखाद्या विशिष्ट बाबतीत मनातले बाहेर पडू देत नाही, एरवी गप्पिष्टही असू शकतो. असे लिहिल्यावर तीन पत्ते एकमेकांना आधार देतात.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे दिसण्यावरून फसवणारे शब्द. 'नॉइसम'चा आवाजाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त, किळसवाणा. 'इनर्व्हेट' ऐकून ऊर्जा मिळाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात त्याचा अर्थ शक्ती शोषून घेणे असा आहे. 'मेरिट्रिशस'मध्ये गुणवत्ता दिसते, पण तो भपकेबाज, वरून चकचकीत आणि आतून पोकळ अशा गोष्टीला लावतात. 'पल्क्रिट्यूड' उच्चारायला इतका ओबडधोबड आहे की त्याचा अर्थ सौंदर्य असेल असे कुणाला वाटणार नाही. अशा शब्दांच्या पत्त्यावर अर्थाआधी एक इशारा लिहावा: 'आवाज नव्हे', 'ऊर्जा नव्हे'. कोशातल्या व्याख्या हा इशारा देत नाहीत, कारण आपण कुठे घसरतो हे कोशकाराला माहीत नसते.

व्युत्पत्तीसाठी पत्त्यावर एक जागा राखावी, पण ती छोटी. २०१७ मध्ये शशी थरूर यांच्या एका ट्वीटमुळे 'फरागो' हा शब्द देशभर गाजला. त्याचा अर्थ भलत्यासलत्या गोष्टींची खिचडी, आणि लॅटिनमध्ये मूळ अर्थ गुरांसाठी एकत्र कालवलेला चारा. ज्याने गोठा पाहिला आहे तो हा शब्द सहसा विसरणार नाही. मात्र प्रत्येक शब्दाचे मूळ असे चित्रमय नसते, आणि लॅटिन धातू जमवण्याचा नाद लागला की पत्ते लिहिणे हाच छंद होऊन बसतो.

उच्चाराच्या बाबतीत अँकी भरीव मदत करू शकते, पण ती मदत मागून घ्यावी लागते. दुर्मीळ शब्द आपण डोळ्यांनी शिकतो, कानांनी नाही. त्यामुळे 'एपिटमी'चे 'एपिटोम', 'हायपर्बली'चे 'हायपरबोल', 'अराय'चे 'ऑरी' आणि 'इंडाइट'चे 'इंडिक्ट' होते, आणि चारचौघांत तो शब्द उच्चारायची वेळ येईपर्यंत चूक कळत नाही. मागच्या बाजूस उच्चार देवनागरीत लिहावा. आपल्या लिपीत ॲ आणि ऑ यांना स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे स्वर बऱ्यापैकी पकडता येतात. जे पकडता येत नाही ते आघाताचे स्थान. इंग्रजीत 'एपिटमी'चा जोर दुसऱ्या अवयवावर, 'पि'वर आहे. आपण मराठी वळणाने सगळी अक्षरे सारख्याच वजनाने म्हणतो आणि परक्या कानाला शब्द ओळखू येत नाही. त्यावर उपाय म्हणून जोराचे अक्षर ठळक करावे. 'व' या एका अक्षरामागे इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी लपतात, हेही लक्षात ठेवावे. याखेरीज पत्त्यावर ध्वनिफीत जोडता येते, किंवा फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेकडून शब्द म्हणवून घेता येतो. ही सोय उत्तम आहे, पण ती बसवण्यासाठी पत्त्याच्या साच्यात सांकेतिक मजकूर लिहावा लागतो आणि तिथे सामान्य वापरकर्ता हात टेकतो.

प्रत्येक शब्दाचे दोन पत्ते करण्याची, म्हणजे एकदा इंग्रजीवरून अर्थ आणि एकदा अर्थावरून इंग्रजी शब्द आठवण्याची सोय अँकीत एका निवडीने होते. ती मोहात पाडते. दुर्मीळ शब्दांसाठी ती बहुतेक वेळा टाळावी. यातले बहुसंख्य शब्द आपल्याला वाचताना ओळखायचे आहेत, वापरायचे नाहीत. उलट्या पत्त्याला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात, आणि त्यातून साधते काय, तर आपल्या लिखाणात जड शब्द पेरण्याची सवय. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल, त्याची इंग्रजी समजतच नाही म्हणून, नव्याने लिहिण्यासाठी परत पाठवला होता. ज्यांना हौस आहे त्यांनी शंभरातले दहा शब्द निवडून त्यांचेच उलटे पत्ते करावेत, आणि तेही वाक्यात गाळलेली जागा ठेवून. अँकीत त्यासाठी वेगळा प्रकार आहे आणि तो सुट्या उलट्या पत्त्यापेक्षा चांगला आहे, कारण शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतो हेही त्यातून कळत जाते.

एखादा शब्द वारंवार चुकत राहिला तर अँकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, असे नाव देते. मूळ मांडणीत आठ वेळा विसरल्यावर त्या पत्त्यावर तशी खूण होते, आणि तो बाजूला काढून ठेवण्याची सोयही आहे. मला ही या सॉफ्टवेअरमधली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. जळू ठरलेला पत्ता का चुकतो हे आधी पाहावे. बहुधा कारण लिखाणात सापडते: वाक्य दुबळे आहे, अर्थ मोघम आहे, किंवा दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्याशी त्याची झुंज चालू आहे. पत्ता नव्याने लिहावा, नाही तर शब्द सोडून द्यावा. वर्षात असे चाळीस-पन्नास शब्द सोडून दिले तरी इंग्रजी भाषा काही ओस पडत नाही.

आता दोष. पहिला म्हणजे रूप. अँकीचा पडदा एखाद्या जुन्या कार्यालयीन प्रोग्रामसारखा दिसतो आणि त्याची मांडणी वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही. हे सहन करता येते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: पर्यायांचे जंगल. संचाच्या मांडणीत इतक्या खिडक्या आणि आकडे आहेत की नवखा माणूस शब्द शिकण्याऐवजी आकडे जुळवत बसतो. त्यावर माझा सल्ला असा की, नव्या पत्त्यांची रोजची मर्यादा बदलावी, एफएसआरएस चालू करावे आणि बाकी काहीही हलवू नये.

नव्या पत्त्यांची मूळ मर्यादा रोज वीस अशी असते, ती स्वतः वाचून शब्द जमवणाऱ्यासाठी फार आहे. अनुभवी वापरकर्त्यांचा ढोबळ हिशेब असा की, काही महिन्यांनंतर रोजच्या उजळण्या नव्या पत्त्यांच्या सात ते दहा पट होतात. वीस नवे शब्द म्हणजे रोज दीडशे-दोनशे उजळण्या. नोकरी-घर सांभाळणारा माणूस त्या महिनाभर करेल आणि मग एक दिवस ॲप उघडणेच बंद करेल. रोज पाच शब्द घेतले तर उजळण्या पस्तीस ते पन्नासांच्या आसपास राहतात, चहा संपेपर्यंत त्या आटोपतात, आणि वर्षाला अठराशे शब्द होतात. दिवाळीची किंवा लग्नसराईची सुट्टी घेतली तर उजळण्यांचा ढीग साचतो, कारण अँकी आपल्यासाठी थांबत नाही. ढीग उपसेपर्यंत नवे शब्द पूर्ण बंद ठेवणे, एवढाच त्यावर मार्ग आहे.

तिसरा दोष सॉफ्टवेअरच्या स्वभावातच आहे. ते शब्दाचा अर्थ लक्षात ठेवून देते. शब्दाचा तोल शिकवत नाही. 'टॅसिटर्न' हा शब्द कादंबरीत शोभतो आणि रजेच्या अर्जात हास्यास्पद ठरतो, हे पत्त्यावरून कळत नाही. त्यासाठी वाचनच लागते. काही जण उजळणीला वाचनाचा पर्याय मानतात आणि अँकीतल्या आकडेवारीचे आलेख, सलग दिवसांची नोंद यातच रमतात. मग त्यांच्या संचात तीन हजार शब्द असतात आणि हातात पुस्तक नसते.

पर्यायांचा विचार थोडक्यात. रोज एक शब्द ईमेलने पाठवणाऱ्या सेवा रंजक आहेत, पण आलेला शब्द पुन्हा परतून येत नाही. कोशांच्या संकेतस्थळांवरची प्रश्नमंजूषा करमणुकीपुरती बरी. ती आपल्या वाचनातले शब्द विचारत नाही. कागदी वहीची बरोबरी मात्र अँकीला एका बाबतीत करता येत नाही: हाताने लिहिलेले जास्त काळ आठवते, असे अनेकांना वाटते आणि त्यांना ती आवडते. पण वहीत तीनशे शब्द झाल्यावर आज कोणते पाहायचे, हे वही सांगत नाही.

हे साधन मी अशा वाचकांना सुचवेन, जे आठवड्यातून तीन-चार तास तरी इंग्रजी वाचतात आणि निदान वर्षभर रोज दहा मिनिटे काढू शकतात. अँड्रॉइड फोन असेल तर प्रयोगाला खर्च शून्य आहे. आयफोनवाल्यांनी आधी अँकीवेबवर महिनाभर चालवून पाहावे आणि मगच पैसे भरावेत. राज्यसेवा किंवा बँकेची परीक्षा महिन्यावर आलेल्या विद्यार्थ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. उजळण्यांची अंतरे महिन्यांमध्ये लांबवण्यात या सूत्राची सगळी करामत आहे, आणि तेवढा अवधी त्याच्याजवळ नाही. त्याने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात आणि अँकी परीक्षेनंतर उघडावे.